जखमी शिपायाचे निवृत्तिवेतन : देणे की दान ?

दिग्रसच्या सडकांवर भल्या पहाटे जो कोणी फिरावयास निघेल, त्यास अंधारात धावणारी तरुण पोरे दिसल्यावाचून राहणार नाहीत. ही पोरे हौसेने धावत नाहीत. ती सैन्यभरतीच्या तयारीसाठी धावतात. ज्या तालुक्यात पाऊस रुसला की कापूस जातो आणि कापूस गेला की सावकार दारी येतो, त्या तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलास लष्कराची नोकरी ही देशसेवेची संधी तर खरीच, पण बारमाही भाकरीचीही हमी वाटते. त्यात गैर असे काही नाही. मात्र अशा मुलाचा बाप कधी आमच्याकडे येऊन बसला, म्हणजे इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर हळूच एक प्रश्न विचारतो : “वकीलसाहेब, पोरगं हातापायानं अधू होऊन घरी आलं, तर सरकार त्याले काय देते?”

प्रश्न साधा आहे. उत्तर साधे नाही. कायद्याच्या पुस्तकात जे उत्तर आहे ते सरकारास शोभण्याजोगे आहे, आणि व्यवहारात शिपायाच्या पदरी जे पडते ते पुष्कळदा तसे नसते. ह्या दोहोंमधील अंतर किती व ते कोणामुळे पडले, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. सेवेमुळे अपंग होऊन ज्यास घरी बसावे लागते, त्या शिपायाच्या निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. एक त्याने केलेल्या सेवेबद्दल व दुसरा त्याच्या अपंगत्वाबद्दल. दुसरा भाग मिळण्यास दोन अटी आहेत : अपंगत्व निदान वीस टक्के असले पाहिजे, आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असले पाहिजे. अपंगत्व पुरे शंभर टक्के असेल, तर ह्या भागाची रक्कम अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के, आणि अपंगत्व कमी असेल तर त्या मानाने कमी. म्हणजे ज्याचे अखेरचे वेतन चाळीस हजार रुपये होते व ज्याचे अपंगत्व पन्नास टक्के ठरले, त्यास ह्या सदराखाली दरमहा सहा हजार रुपये मिळावयाचे. प्रत्यक्ष युद्धात जखमी होऊन ज्याने पुढे सेवेची मुदत पुरी केली, त्यास तिसाच्या जागी साठ टक्क्यांचा दर आहे. टक्क्यांच्या मापात घासाघीस होऊ नये म्हणून १९९६ पासून असाही नियम आहे की, पन्नासाच्या आतले अपंगत्व पन्नास धरावे, पन्नास ते पंचाहत्तर पंचाहत्तर धरावे, आणि त्यावरचे पुरे शंभर.

हे वाचून कोणीही म्हणेल की, मग तक्रार ती कसली? तक्रार दुसऱ्या अटीपाशी सुरू होते. रणांगणावर गोळी लागली तर वाद बहुधा होत नाही. गोळीस वैद्यकीय मंडळ नाकारू शकत नाही. वाद होतो तो शरीराच्या आत झालेल्या जखमांबद्दल. एक उदाहरण कल्पू. आमच्याच तालुक्यातला एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. भरतीच्या वेळी सरकारी डॉक्टरांनी त्याची छाती मोजली, डोळे पाहिले, कान तपासले, आणि ‘सर्वथा लायक’ असा शेरा मारला. पुढे बारा-पंधरा वर्षे तो बर्फात राहिला, वाळवंटात राहिला, घरी बायको बाळंत असता सीमेवर राहिला. पस्तिशीच्या आत त्यास रक्तदाब जडला, किंवा फीट येऊ लागल्या, किंवा मन ठिकाणावर राहीनासे झाले. लष्कराने त्यास नालायक ठरवून घरी धाडले, आणि वैद्यकीय मंडळाने कागदावर एक ओळ लिहिली : हा आजार सेवेमुळे झालेला नाही व सेवेमुळे वाढलेलाही नाही. त्या एका ओळीने अपंगत्वाचा भाग गेला. कारण काय? कारण लिहिलेले नसते. किंवा असते ते इतकेच की, आजार दिसला तेव्हा शिपाई शांततेच्या ठाण्यावर होता, किंवा आजार मूळ प्रकृतीचा आहे.

आता न्यायाचा प्रश्न असा की, सिद्ध कोणी करावयाचे? आजार सेवेमुळे झाला हे शिपायाने, की सेवेमुळे झाला नाही हे सरकारने? आमच्या धंद्यातील मंडळींस हे सांगावयास नको की, पुष्कळ कज्जांचा निकाल ह्याच एका प्रश्नावर लागतो. ज्याच्यावर पुराव्याचे ओझे, त्याचे निम्मे हरणे ठरलेले. शिपायाचे सेवेतले कागद सरकारच्या कपाटात, दवाखान्याच्या नोंदी सरकारच्या ताब्यात, मंडळातील डॉक्टर सरकारचे नोकर. आणि पुरावा मात्र दिग्रसच्या गरिबाने आणावयाचा, हा न्याय कोणत्या पोथीतला?

सरकारच्या स्वतःच्या पोथीत तरी तो नव्हता. १९८२ च्या नियमांनी स्पष्ट सांगितले होते की, भरतीच्या वेळी ज्या व्यंगाची नोंद नाही, त्या बाबतीत शिपाई निरोगी होता असे धरून चालावे. त्यास आपला हक्क सिद्ध करावयास लावू नये. आणि वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा शिपायास द्यावा. आजार भरतीच्या तपासणीत कळणे शक्य नव्हते असे मंडळास म्हणावयाचे असेल, तर त्याने कारणे लिहावीत. ह्या नियमांचा खरा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग ह्यांच्या खटल्यात लावला. धरमवीर सिंग १९८५ साली सिग्नल दलात दाखल झाले व सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर फिटांच्या आजारामुळे घरी धाडले गेले. मंडळाने अपंगत्व वीस टक्के ठरविले, पण सेवेशी संबंध नाही असा शेरा दिला. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींपुढे ते जिंकले, सरकारच्या अपिलात दोघांपुढे हरले, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही आणि मंडळाने कारण दिलेले नाही, मग आजार सेवेतलाच समजला पाहिजे, हे त्या निकालाचे सार होय.

त्यानंतर २०१४ साली सुखविंदर सिंग ह्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक पेच सोडविला. अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी म्हणून वेतन नाही, आणि तरीही शिपाई सेवेस नालायक, ही दोन्ही वाक्ये एका तोंडाने बोलता येत नाहीत. जे व्यंग माणसाची नोकरी घालविण्याइतके मोठे, ते वेतन देण्यापुरते लहान कसे होते? त्याच वर्षी डिसेंबरात राम अवतार ह्यांच्या खटल्यात, टक्के वाढवून धरण्याचा लाभ केवळ मध्येच घरी धाडलेल्यांनाच नव्हे, तर मुदत पुरी करून निवृत्त झालेल्या अपंगांनाही मिळाला पाहिजे, असे ठरले. निकाल एकापाठोपाठ एक शिपायाच्या बाजूने लागत गेले. मग प्रश्न संपावयास हवा होता. तो संपला नाही, आणि येथेच आमची खरी तक्रार आहे.

सरकार हरले की अपील करते, अपिलात हरले की पुढच्या शिपायाविरुद्ध तोच मुद्दा घेऊन पुन्हा उभे राहते. हा आरोप आम्ही विरोधासाठी विरोध म्हणून करीत नाही. गोमंतकाचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनीच २०१५ साली तज्ज्ञांची एक समिती नेमून, लष्करी सेवकांशी चाललेले खटले कमी कसे होतील हे विचारले. निकाली निघालेल्या मुद्द्यांवरील अपिले सरकारने मागे घ्यावीत, असा सल्ला समितीने त्याच वर्षी नोव्हेंबरात दिला. मंत्र्यास जे दिसले ते खात्यास दिसू नये, हे दिव्याखालच्या अंधारासारखेच झाले. दहा वर्षांनी, १ जुलै २०२५ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयास अपंगत्वाच्या वेतनासंबंधीच्या सरकारच्या सुमारे तीनशे याचिका एकदम फेटाळाव्या लागल्या. तीनशे याचिका म्हणजे तीनशे घरे. आणि ह्यांतील प्रत्येक शिपाई सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे आधी एकदा जिंकलेला होता.

ह्यातली एक विपरीतता वाचकांनी ध्यानात घ्यावी. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने निर्माण झाले, ते शिपायास लवकर व स्वस्त न्याय मिळावा म्हणून. त्याच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट २०१५ च्या एका निकालाने जवळपास बंद झाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोकळी केली. गरीब शिपायास दिल्लीपर्यंत जावे न लागता जवळच्या उच्च न्यायालयात दाद मिळावी, हा त्यातला मोठा लाभ. पण त्याच दारातून सरकारही आत शिरले, आणि त्याच्याबरोबर त्याचे वकील, त्याचा खजिना व त्याची न संपणारी सवड.

ह्या सवडीची किंमत शिपाई कशी मोजतो हे पाहावयाचे असेल, तर बिजेंदर सिंग ह्यांचा खटला पाहावा. सियाचीनच्या बर्फात नेमणूक असताना ज्यास फिटांचा विकार जडला, त्या शिपायास १९८९ साली घरी धाडले. मंडळाने तोच ठराविक शेरा मारला. आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पन्नास टक्क्यांचा हक्क मान्य केला तो एप्रिल २०२५ मध्ये. मधली छत्तीस वर्षे कोणत्या हिशेबात धरावयाची? विशीतल्या माणसाचे देणे साठीजवळ फेडले, तर ते कागदावर फिटते. त्याच्या मुलांच्या शाळेची फी आणि म्हाताऱ्या आईचे औषध त्याने भागत नाही.

आता सरकारची बाजू. ती नाहीच असे आम्ही म्हणणार नाही. पन्नाशीनंतर रक्तदाब व मधुमेह शहरातल्या व्यापाऱ्यासही होतात. सेवेत असताना झालेला प्रत्येक आजार सेवेमुळेच झाला असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. निवृत्तीच्या तोंडावर अपंगत्वाचा दाखला मिळविणारे बडे अधिकारीही आहेत, असा आक्षेप सरकारपक्षाकडून घेतला जातो. १९८२ च्या नियमांतील गृहीतक २००८ च्या नियमांत पूर्वीच्या स्पष्ट शब्दांत उरले नाही, आणि सप्टेंबर २०२३ पासून तर नियमांचा सगळा संचच नवा आला. पैसा लोकांचा आहे व तो जपून खर्चावा, हे आम्हास मान्य आहे.

पण ह्या आक्षेपाचे उत्तर त्यातच आहे. कोणी खोटा दाखला घेतला असेल, तर तो घेणारा व देणारा, दोघांवर खटला भरावा; त्यासाठी लान्स नाईकाच्या ताटातली भाकरी उचलण्याचे कारण काय? आणि नियम बदलले म्हणून कारणे लिहिण्याचे कर्तव्य संपले काय? दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ह्याचे उत्तर स्वच्छ दिले. आजार शांततेच्या ठाण्यावर दिसला, एवढ्यावरून सेवेशी त्याचा संबंध नाही असे ठरत नाही. मंडळास हक्क नाकारावयाचा असेल, तर ह्याच शिपायाचा हाच आजार सेवेमुळे का झाला नाही, हे त्याने पटेल अशा कारणांनी सांगितले पाहिजे. ह्यात अवघड ते काय आहे? तालुक्याच्या मुनसफास दोन गुंठ्यांच्या बांधाचा निकाल देताना चार पाने कारणे लिहावी लागतात. मग माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल एका ओळीत का?

जे सरकार मनात आणील तर जखमी शिपायाचे काय करू शकते, ह्याचा दाखला आपल्याच पुण्याजवळ आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. महाराष्ट्रातील अनेक गावांत त्या युद्धात गेलेल्या माणसांचा आकडा कोरलेल्या शिला अजून उभ्या आहेत. परत आलेल्या लंगड्या-थोट्यांचा आकडा त्यांवर नाही. तरीही परक्या सरकारास १९१७ साली अपंग शिपायांना हुन्नर शिकविणारी क्वीन मेरीच्या नावाची शाळा काढणे भाग पडले, आणि ती संस्था खडकीस अद्याप आहे. पुण्यास १९४४ साली कृत्रिम अवयवांचे केंद्र निघाले. स्वराज्यात १९७४ साली खडकीस कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिक सामन्यांत पन्नास मीटर पोहून त्यांनी सुवर्णपदक आणले. भारतास त्या सामन्यांत मिळालेले ते पहिलेच सुवर्ण. सरकारने त्यांस पद्मश्री दिली, ती २०१८ साली. उपचार मिळाला, काम मिळाले, मान मिळाला, तर अपंग शिपाई काय करून दाखवितो, हे त्यावरून दिसते. आणि मान मिळावयास किती वर्षे लागतात, हेही दिसते.

ह्या विषयाची निकड आता वाढली आहे. पहाटे धावणारी आमची पोरे २०२२ पासून ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांच्या मुदतीने घेतली जातात. मुदतीनंतर चौघांपैकी फार तर एकास कायम करावयाचे अशी ती योजना. उरलेल्यांस निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे अपंगत्व आले, तर पन्नास टक्क्यांस पंधरा लाख, पंचाहत्तर टक्क्यांस पंचवीस लाख व शंभर टक्क्यांस चव्वेचाळीस लाख रुपये एकरकमी सानुग्रह मदत, शिवाय उरलेल्या मुदतीचे वेतन व सेवानिधी, अशी तरतूद योजनेत केली आहे. रकमा कागदावर मोठ्या दिसतात. पण विशीतील मुलास साठ वर्षे जगावयाचे आहे, आणि लुळ्या शरीराचा खर्च एकरकमी येत नसून दरमहा येतो. आमच्या विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याचे अक्षय गवते हे अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर कर्तव्य बजावीत असता मरण पावले. त्याच हिमनदीवर तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बिजेंदर सिंग ह्यांचा विकार सुरू झाला होता. बर्फ भरतीचा प्रकार पाहून बोचत नाही. मग वेतनाचा नियम तेवढा प्रकार पाहून का बदलावा? खडकवासल्याच्या प्रबोधिनीसारख्या संस्थांत शिकत असताना जायबंदी होऊन घरी परतणाऱ्या विद्यार्थ्यांची गत तर ह्याहून चमत्कारिक. सेवेत दाखल होण्यापूर्वीच ते जायबंदी झाले म्हणून ते माजी सैनिक नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपण होऊन ह्या प्रश्नात लक्ष घातले, तेव्हा कोठे त्यांना माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचे दार उघडले.

आमच्या मागण्या तीन आहेत, आणि त्यांतील एकीसही नवा कायदा लागत नाही. पहिली : वैद्यकीय मंडळाने नकार द्यावयाचा असेल, तर सविस्तर कारणे लिहावीत व त्यांची प्रत शिपायास समजेल अशा भाषेत त्याच दिवशी हाती द्यावी. दुसरी : सर्वोच्च न्यायालयाने जो मुद्दा एकदा निकाली काढला, त्यावर सरकारने पुन्हा अपील करू नये; करावयाचेच असेल, तर ते का, हे मंत्र्याने आपल्या सहीने लिहावे. तिसरी : न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईस, निवृत्तिवेतनाचे मुख्य कार्यालय प्रयागराजला, आणि वेतनाचा सगळा कारभार ‘स्पर्श’ नावाच्या संगणकी यंत्रणेवर, अशा स्थितीत दिग्रसच्या शिपायास यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच वकील व जाणता डॉक्टर मिळाला पाहिजे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी २६ जुलै २०२५ रोजी जी साहाय्य योजना सुरू केली, तिचा हाच हेतू आहे. ती फलकावरून टेबलापर्यंत यावी, एवढेच आमचे म्हणणे.

सरकारास सांगून झाले. आता दोन शब्द आपल्या लोकांस. दिग्रस, दारव्हा, पुसद येथील वकील बंधूंनी महिन्यातून एक दिवस ह्या कामास द्यावा. सेवेतील शिपायांनी दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवावी. मंडळाने हक्क नाकारला, तर पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करावे लागते, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे. कारण उशिरा दाद मागणाऱ्याची थकबाकी मागील तीन वर्षांपुरती मर्यादित केल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. अज्ञानाचा दंड गरिबासच सर्वांत जड पडतो.

अखेरीस मूळ प्रश्नाकडे येऊ. दान देणाऱ्यास विचार करण्याचा हक्क असतो; तो म्हणू शकतो, आज नको, उद्या ये. देणेकऱ्यास तो हक्क नाही. राष्ट्राने भरतीच्या दिवशी धडधाकट शरीर मोजून घेतले व त्याची पावती दिली. परत करताना त्यात जी तूट आली, ती भरून देणे हा साधा हिशेब आहे, उपकार नव्हे. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण कृतघ्न माणसास लावतो. ती आपल्या सरकारास लावण्याची पाळी आमच्यावर येऊ नये, इतकीच आमची इच्छा आहे. आणि त्या बापाने पुन्हा येऊन तोच प्रश्न विचारला, तर कायद्याच्या पुस्तकातले उत्तर त्यास खाली मान न घालता सांगता यावे.